ट्रेनरची टक्केवारी आणि अडथळ्यांच्या शर्यतीतील घोडा

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर चेल्टनहॅमच्या मार्च महोत्सवाची आणि लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री येथील ग्रँड नॅशनलची दखल आता नेमाने घेतली जाते, याचा माझ्यासारख्या वाचकाला मनापासून आनंद आहे. नोकरीच्या निमित्ताने मी इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायर परगण्यात राहतो, विमा क्षेत्रात आकडेवारीचे काम करतो आणि येथील अडथळ्यांच्या शर्यती बारकाईने पाहतो. आपल्या वृत्तांसोबत ट्रेनरचे नाव आणि त्याच्यासमोर यशाची टक्केवारी (धावलेल्या घोड्यांपैकी किती जिंकले) असा एक छोटा तक्ता छापला जातो. ज्याची टक्केवारी मोठी त्याचा घोडा बलवान, असा सरळ अर्थ त्याखालच्या मजकुरात लावलेला असतो. या तक्त्याविषयी मला काही मांडायचे आहे. ट्रेनरची आकडेवारी निरुपयोगी आहे, असे माझे मुळीच म्हणणे नाही. ती अतिशय उपयोगी आहे. परंतु ती तबेल्याच्या कामाच्या पद्धतीविषयी सांगते, समोर उभ्या असलेल्या घोड्याच्या ताकदीविषयी नव्हे, आणि हा भेद पुसला गेला की तोच तक्ता वाचकाची दिशाभूल करतो.

मुंबई-पुण्याच्या वाचकाला घोड्यांच्या शर्यती ठाऊक असतात त्या महालक्ष्मीच्या आणि पुणे रेसकोर्सच्या, म्हणजे सपाट धावपट्टीवरच्या. तेथे हिवाळ्यात मुंबई आणि पावसाळ्यात पुणे असे ठरलेले वेळापत्रक असते, तेच ट्रेनर एकमेकांसमोर सतत उतरतात आणि शर्यतीही ठरावीक अंतरांच्या असतात. अशा बंदिस्त वर्तुळात हंगामाअखेरची टक्केवारी बरीचशी विश्वासार्ह ठरते. ब्रिटन-आयर्लंडमधील अडथळ्यांच्या शर्यतींची रचना अगदी निराळी आहे. एकट्या ब्रिटनमध्ये चाळीसच्या आसपास रेसकोर्सवर या शर्यती होतात. काही डावीकडे वळणारे, काही उजवीकडे. केम्पटनसारखे सपाट आणि वेगवान, चेल्टनहॅमसारखे चढउताराचे आणि शेवटी दम काढणारी चढण असलेले. अंतर दोन मैलांपासून ग्रँड नॅशनलच्या सव्वाचार मैलांहून अधिकपर्यंत. त्यात पुन्हा प्रकार तीन: साडेतीन फुटांचे, धक्का लागल्यास वाकणारे हर्डल, किमान साडेचार फुटांचे भक्कम कुंपण असलेली चेस, आणि नवख्या घोड्यांसाठी अडथळ्यांविना होणारी 'बंपर'. घोडा हंगामात जेमतेम चार-सहा वेळा धावतो. म्हणजे माहिती थोडी आणि परिस्थिती शंभर प्रकारची. या सगळ्याचा एकच आकडा काढला की त्यात नेमके काय मोजले गेले, हे सांगता येत नाही.

पहिला प्रश्न निवडीचा आहे. एखाद्या खासगी शिकवणीने नव्वद टक्के मिळवणारीच मुले प्रवेशासाठी निवडायची आणि मग शंभर टक्के निकालाची जाहिरात करायची, हा प्रकार आपल्याकडे घरोघर माहीत आहे. तबेल्याच्या टक्केवारीतही निवड तितकीच दडलेली असते. एखादा ट्रेनर आपला चांगला घोडा मुद्दाम कमकुवत शर्यतीत उतरवतो आणि फेव्हरिट म्हणून जिंकवतो. दुसरा त्याच कुवतीचा घोडा मोठ्या हँडिकॅपमध्ये, म्हणजे कुवतीनुसार घोड्यांवर कमी-जास्त वजन देणाऱ्या शर्यतीत, वीस प्रतिस्पर्ध्यांसमोर उभा करतो. पहिल्याची टक्केवारी साहजिकच वर जाते. दुसरा अधिक चांगला प्रशिक्षक असू शकतो आणि तरीही तक्त्यात खाली दिसतो. ब्रिटनमधील ट्रेनरचे अजिंक्यपद विजयांच्या संख्येवर ठरतच नाही, जिंकलेल्या बक्षीस रकमेवर ठरते, हेही येथे लक्षात घ्यावे. 2018-19च्या हंगामात डॅन स्केल्टन यांनी दोनशेहून अधिक विजय मिळवले, तरी अजिंक्यपद पॉल निकोल्स यांच्याकडे गेले. 2023-24मध्ये आयर्लंडच्या कार्लो परगण्यातून येणारे विली मलिन्स ब्रिटनचे अजिंक्य ट्रेनर झाले. 1953-54मध्ये व्हिन्सेंट ओब्रायन यांना हा मान मिळाल्यानंतर आयर्लंडमधील ट्रेनरने तो प्रथमच मिळवला. विजयांच्या संख्येत मलिन्स ब्रिटनमधील अनेक ट्रेनरच्या मागे होते, पण त्यांनी चेल्टनहॅम आणि एन्ट्रीच्या मोठ्या रकमांच्या शर्यती घेतल्या. संख्या, टक्केवारी आणि रक्कम ही तीन मापे तीन वेगळ्या गोष्टी मोजतात, आणि त्यातले कोणतेही उद्या दुपारी अडीचच्या शर्यतीत धावणाऱ्या सात वर्षांच्या घोड्याविषयी थेट काही सांगत नाही.

मग निवडीचा हा प्रभाव वेगळा कसा काढायचा? येथील अभ्यासू मंडळी त्यासाठी प्रत्यक्ष विजयांची तुलना अपेक्षित विजयांशी करतात. ही पद्धत मराठी वाचकांपर्यंत फारशी पोहोचलेली नाही, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो. शर्यत सुटताना घोड्याचा जो भाव असतो, त्यात बाजाराचे मत उतरलेले असते. एका रुपयावर चार रुपये मिळतील असा भाव असेल, तर बाजार त्या घोड्याला पाचात एक, म्हणजे 20 टक्के संधी देतो. नवाचा भाव असेल तर दहात एक. शर्यतीतील सर्व घोड्यांच्या अशा संधी मिळवल्या की बेरीज शंभराच्या वर जाते, कारण त्यात बुकींचा नफा असतो. तेवढ्या प्रमाणात प्रत्येक आकडा कमी करून घ्यावा लागतो. त्यानंतर एखाद्या ट्रेनरच्या हंगामातील सर्व घोड्यांच्या संधींची बेरीज केली, की बाजाराने त्याच्याकडून किती विजयांची अपेक्षा ठेवली होती ते कळते. आता समजा, एका तबेल्याचे 200 घोडे धावले, 50 जिंकले आणि अपेक्षा 56ची होती. दुसऱ्याचेही 200 धावले, 18 जिंकले आणि अपेक्षा 13ची होती. आपल्या तक्त्यात पहिला 25 टक्क्यांनी झळकेल आणि दुसरा 9 टक्क्यांनी तळाशी जाईल. प्रत्यक्षात पहिल्याने अपेक्षेपेक्षा थोडे कमी मिळवले आहे आणि दुसऱ्याने बरेच अधिक.

पण येथेही घाई करून चालत नाही. 13च्या अपेक्षेवर केवळ नशिबाने होणारा चढउतार साधारण साडेतीन विजयांचा असतो. त्यामुळे 18 हा आकडा उत्तम असला तरी अशक्य कोटीतला नाही. सामान्य तबेल्यालाही तो अधूनमधून लाभतो. पहिल्याची सहा विजयांची तूटही तशीच नशिबाच्या पट्ट्यात बसते. हेच प्रमाण हजार घोड्यांवर टिकले, म्हणजे 65ची अपेक्षा असताना 90 विजय मिळाले, तर मात्र नशिबाचे स्पष्टीकरण पुरत नाही आणि त्या तबेल्यात बाजाराच्या नजरेतून सुटलेले काहीतरी घडते आहे, असे म्हणायला आधार मिळतो. म्हणून टक्केवारीशेजारी घोड्यांची संख्या छापणे ही माझ्या मते किमान अट आहे. तीच आपल्या तक्त्यात पाळली जात नाही.

संख्या लपवली की काय होते, त्याचे उदाहरण रेसकोर्सनिहाय टक्केवारीत दिसते. 'या ट्रेनरचे या मैदानावर आठपैकी तीन घोडे जिंकले, यश साडेसदतीस टक्के' हे वाक्य फार प्रभावी वाटते. ज्या तबेल्याचे एरवीचे यश 15 टक्के आहे, त्याचे आठांत तीन किंवा अधिक घोडे निव्वळ योगायोगाने जिंकण्याची शक्यता साधारण दहात एक असते. परवानाधारक ट्रेनर शेकडो आणि रेसकोर्स चाळीसच्या आसपास, हे लक्षात घेतले तर असे 'लाडके मैदान' दरवर्षी डझनांनी निर्माण होणारच. त्यात पुन्हा जानेवारी, पाच वर्षांचे घोडे, ठरावीक जॉकी अशा अटी वाढवत गेले की कोणाचेही यश कोठेही पन्नास टक्के दाखवता येते. यावर एक साधा उपाय आहे आणि तो शाळकरी गणिताने जमतो. ट्रेनरच्या आकड्यात सरासरी यशाचे पन्नास काल्पनिक घोडे मिसळावेत. सरासरी 12 टक्के धरली तर पन्नासांत सहा विजय. आठांत तीनचे मग अठ्ठावन्नांत नऊ होतात, म्हणजे साडेपंधरा टक्के, फुगवटा उतरतो. तेच यश ऐंशी घोड्यांत तीस विजयांचे असते तर एकशेतीसांत छत्तीस, म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस टक्के उरले असते. ज्याच्यामागे पुरावा आहे तो आकडा टिकतो आणि ज्याच्यामागे नाही तो सरासरीकडे सरकतो. पन्नास हा आकडा काही वेदवाक्य नाही, तीस किंवा सत्तरही चालतील, तत्त्व महत्त्वाचे.

टक्केवारीचा आणखी एक दोष मला अधिक खटकतो, कारण त्यात कर्तबगारीच पुसली जाते. 1983च्या चेल्टनहॅम गोल्ड कपमध्ये यॉर्कशायरचे मायकेल डिकिन्सन यांनी पाच घोडे उतरवले होते. ब्रेगॉन पहिला आला, कॅप्टन जॉन दुसरा, वेवर्ड लॅड तिसरा, सिल्व्हर बक चौथा आणि ॲशली हाउस पाचवा. अडथळ्यांच्या सर्वांत प्रतिष्ठेच्या शर्यतीत पहिले पाचही घोडे एकाच तबेल्याचे! अशी कामगिरी त्यापूर्वी झाली नव्हती आणि त्यानंतरही झालेली नाही. आपल्या तक्त्याच्या हिशेबात मात्र ती 'पाच घोडे, एक विजय, वीस टक्के' अशी नोंदवली जाईल, आणि दोनपैकी एक घोडा एखाद्या बुधवारी किरकोळ शर्यतीत जिंकवणारा ट्रेनर त्याच्या वर बसेल. 2025च्या ग्रँड नॅशनलमध्ये मलिन्स यांचे निक रॉकेट, आय ॲम मॅक्सिमस आणि ग्रेंजक्लेअर वेस्ट हे तीन घोडे पहिल्या तीन क्रमांकांवर आले. हिशेबात एक विजय आणि बाकीचे पराभव. आयर्लंडचे ट्रेनर हेन्री डी ब्रॉमहेड यांच्या मिनेला इंडो आणि अ प्लस टार्ड या दोघांनी 2021 आणि 2022च्या गोल्ड कपमध्ये पहिला-दुसरा क्रमांक आळीपाळीने घेतला, तेथेही तसेच. एकाच शर्यतीत अनेक घोडे उतरवणाऱ्या तबेल्याची प्रतिघोडा टक्केवारी गणितानेच मर्यादित होते, कारण जिंकणारा एकच असणार. आयर्लंडमधील मोठे तबेले मोठ्या शर्यतींत सर्रास चार-पाच घोडे उतरवतात. अशा तबेल्यांसाठी 'किती शर्यतींत घोडा उतरवला आणि त्यांपैकी किती जिंकल्या' हा हिशेब वेगळा ठेवायला हवा. शिवाय त्या घोड्यांपैकी तबेल्याचा मुख्य जॉकी कोणावर बसला आहे, हेही पाहावे लागते. अर्थात तोही पक्का पुरावा नव्हे: निक रॉकेट तेहेतीसाच्या भावाने जिंकला, आणि त्याच्या पाठीवर मलिन्स यांचे चिरंजीव पॅट्रिक, हौशी गटातले जॉकी, होते.

घोडा हरला म्हणजे नेमके काय झाले, हेही टक्केवारी सांगत नाही. रेसकार्डवर, म्हणजे त्या दिवशीच्या शर्यतींच्या माहितीपत्रकावर, घोड्याच्या नावापुढे '3पी-2एफ1' अशा अर्थाची एक ओळ असते. त्यातील आकडे म्हणजे क्रमांक. आडवी रेघ म्हणजे दोन हंगामांमधली सीमा. 'पी' म्हणजे जॉकीने घोडा मध्येच थांबवला. 'एफ' म्हणजे घोडा पडला. जॉकीला खाली फेकले, दुसऱ्या घोड्यामुळे पडला, उडी नाकारली, यांनाही वेगवेगळी अक्षरे आहेत. सपाट शर्यतीत यांतले फारसे काही घडत नाही, येथे रोज घडते. दमलेला घोडा थांबवणे हे जॉकीचे शहाणपण असते. हिवाळ्यात चिखलाच्या मैदानावर शेवटून तिसऱ्या कुंपणाआधी थांबवलेला घोडा नाकपुड्या फुलवून, मानेपर्यंत चिखलाने माखून सावकाश चालत परत येतो, तेव्हा तो पाय लंगडत टाकतो आहे की नुसताच थकला आहे, हे पाहणाऱ्याला त्या एका अक्षरापेक्षा कितीतरी अधिक कळते. 2015मध्ये चेल्टनहॅमच्या मेअर्स हर्डलमध्ये, म्हणजे फक्त घोडींच्या शर्यतीत, मलिन्स यांची ॲनी पॉवर सर्वांच्या पुढे असताना अखेरच्या हर्डलवर पडली. शर्यत तिच्या हातात होती. ती कोणी जिंकली? मलिन्स यांच्याच ग्लेन्स मेलडीने. तबेल्याच्या खात्यात विजय जमा झाला आणि ॲनी पॉवरच्या कुवतीविषयी सर्वांत मोलाची माहिती ट्रेनरच्या आकड्यात कोठेही उमटली नाही. ती फक्त घोडीच्या स्वतःच्या नोंदीत, आणि तीही शर्यत पाहणाऱ्यालाच, सापडते.

'तबेला सध्या फॉर्मात नाही' हे विधान तर आपल्या स्तंभात वारंवार येते. गेल्या चौदा दिवसांत वीस घोडे धावले, एकही जिंकला नाही, म्हणून उद्याचा घोडा टाळावा, असा हा तर्क. दहा टक्के यशाच्या तबेल्याचे सलग वीस घोडे हरण्याची शक्यता साधारण आठात एक असते, आणि हंगामात चारशे घोडे उतरवणाऱ्या अशा तबेल्याला असा कोरडा काळ केव्हा ना केव्हा जवळजवळ हमखास येतो. त्यासाठी कोणतेही कारण लागत नाही. मात्र तबेल्यात खरोखरच आजार शिरतो, खोकला पसरतो, श्वासनलिकेचे नमुने खराब येतात, आणि अशा वेळी ट्रेनर स्वतःच घोडे थांबवून ठेवतात, हेही खरे आहे. ते ओळखण्याची खूण विजयांमध्ये नसून हरण्याच्या रीतीत असते. कमी भावाचे घोडे शेवटच्या दोन अडथळ्यांपर्यंत व्यवस्थित येऊन अचानक कोलमडू लागले, एकाच आठवड्यात तीन-चार घोडे थांबवावे लागले, तर शंका रास्त ठरते. वीस हरलेल्यांपैकी सात दुसरे आले असतील आणि त्यांतले बरेचसे मोठ्या भावाचे असतील, तर तो तबेला उत्तम चालला आहे. दोन्ही तबेल्यांचा आकडा शून्यच असतो.

मग ट्रेनरची आकडेवारी कामाला कोठे येते? माझे उत्तर असे आहे की जेथे घोड्याची स्वतःची नोंद नाही किंवा ती शिळी झाली आहे, तेथे. बंपरमध्ये पहिल्यांदा धावणारा चार वर्षांचा घोडा, फ्रान्समधून किंवा आयर्लंडच्या पॉइंट-टू-पॉइंट (हौशी जॉकींच्या ग्रामीण) शर्यतींतून नुकताच विकत घेतलेला, हर्डलवरून प्रथमच चेसकडे वळणारा, वर्षभराच्या दुखापतीनंतर परतणारा, तबेला बदललेला. या प्रत्येक प्रसंगी 'हा तबेला अशा घोड्यांना पहिल्याच दिवशी तयार करून आणतो का, की पहिली धाव शिकण्यासाठी देतो' हा प्रश्न निर्णायक असतो आणि त्याचे उत्तर फक्त मागच्या नोंदींत सापडते. पहिल्या चेसचे उदाहरण घ्या. हर्डलवर घोडा वेगात सपाट झेप घेऊन निभावतो. कुंपणावर त्याला पाऊल मोजून, खांदे उचलून उडी मारावी लागते. हे घरच्या सरावात किती नीट शिकवले आहे, ते रेसकार्डवर लिहिलेले नसते. ज्या तबेल्याचे नवे चेसघोडे पहिल्याच धावेत क्वचित पडतात, त्याच्या सरावावर विश्वास ठेवायला जागा आहे, आणि येथे विजयांपेक्षा पडझडीचे प्रमाण अधिक बोलके ठरते. घोड्याच्या श्वासनलिकेवर शस्त्रक्रिया झाली असेल तर 2018पासून ब्रिटनमध्ये ती जाहीर करावी लागते आणि रेसकार्डवर तशी खूण येते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या धावेत कोणत्या तबेल्याचे घोडे सुधारतात, हेही त्यामुळे तपासता येते. याउलट पंचवीस शर्यती धावलेल्या, अकरा वर्षांच्या, ओल्या मैदानावर तीन मैल धावण्यातच रमणाऱ्या जुन्या घोड्यासमोर ट्रेनरची टक्केवारी ठेवून काय मिळणार? त्याने स्वतःविषयी सगळे सांगून टाकलेले असते.

तक्त्यातले नाव हे परवान्यावरचे नाव असते, हेही विसरून चालत नाही. 2006मध्ये ट्रेनर मार्टिन पाइप निवृत्त झाले आणि तबेला त्यांचे पुत्र डेव्हिड यांच्याकडे आला. सरावाची जागा तीच, घोडे बरेचसे तेच. आकडेवारी मात्र शून्यापासून सुरू झाली. 2008मध्ये डेव्हिड यांच्या कम्प्लाय ऑर डायने ग्रँड नॅशनल जिंकली. 2021मध्ये आयर्लंडचे ट्रेनर गॉर्डन एलियट यांच्यावरील सहा महिन्यांच्या बंदीच्या काळात तबेल्याचे घोडे डेनिस फॉस्टर यांच्या नावावर धावले. याच एलियट यांचे सुरुवातीचे उदाहरण तर मला फार बोलके वाटते. 2007मध्ये त्यांच्या सिल्व्हर बर्चने ग्रँड नॅशनल जिंकली, तेव्हा त्यांच्या नावावर मायदेशात, आयर्लंडमध्ये, एकही विजय नव्हता. त्या दिवशीचा आयर्लंडचा तक्ता कोणी पाहिला असता तर त्यांच्या नावापुढे शून्य दिसले असते. ते शून्य खोटे नव्हते. घोडेच इतके थोडे धावले होते की त्या शून्यातून काहीही सिद्ध होत नव्हते.

एका रुपयाच्या समान पैजेवर ट्रेनरने किती नफा दिला, हा रकाना काही ठिकाणी छापतात. तो छापू नये, अशी माझी स्पष्ट सूचना आहे. सहासष्टाच्या भावाचा एक घोडा लागला की साठ पराभव झाकले जातात, आणि पुढच्या वर्षी तो घोडा पुन्हा लागत नाही.

या विषयावर इतके लिहिण्याचे कारण केवळ गणिताची हौस नव्हे. आकडा छापला की त्याचे परिणाम होतात. घोडा विकत घेणारा मालक तो कोणाकडे द्यायचा, हे ठरवताना टक्केवारी पाहतो. त्यामुळे मोठ्या तबेल्यांकडे आणखी घोडे जातात आणि आठ-दहा घोड्यांवर संसार चालवणाऱ्या ट्रेनरच्या दारात कोणी येत नाही. टक्केवारी जपायची म्हणून कठीण शर्यतीत घोडा उतरवायचाच नाही, असा मोहही त्यातून निर्माण होतो. 1990चा चेल्टनहॅम गोल्ड कप नॉर्टन्स कॉइन या घोड्याने शंभराच्या भावाने जिंकला. त्याचे ट्रेनर सिरेल ग्रिफिथ्स हे वेल्समधील दुभत्या गायी पाळणारे शेतकरी. त्यांच्याकडे शर्यतीचे घोडे अवघे तीन. त्यांची टक्केवारी कोणी विचारत नव्हते आणि विचारली असती तरी तिला अर्थ नव्हता. परंतु त्या एका घोड्याला त्यांनी ज्या निगुतीने त्या दिवसासाठी तयार केले, ती निगुती या खेळाचा प्राण आहे, आणि अशी माणसे या खेळात टिकावीत असे मला कळकळीने वाटते.

दुसरा परिणाम वाचकाच्या खिशावर होतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1996मध्ये तामिळनाडूतील खटल्यात घोड्यांच्या शर्यतींवरील पैज ही मुख्यतः कौशल्याची बाब असल्याचे म्हटले. घोडा, जॉकी, ट्रेनर, अंतर, वजन यांचा अभ्यास करून अंदाज बांधावा लागतो, ही त्यामागची भूमिका. हे कौशल्य खरे असेल तर ते आकडा वाचण्याच्या शिस्तीत दिसायला हवे. पैज लावावी की लावू नये, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा आणि कायद्याच्या चौकटीचा प्रश्न आहे आणि मी कोणालाही ती लावण्याचा सल्ला देत नाही. पण वर्तमानपत्रात छापलेल्या टक्केवारीवर विश्वास ठेवणारा माणूस ती प्रमाण मानतो, आणि ठळक अक्षरांतल्या 37.5मागे केवळ आठ घोडे उभे आहेत, हे त्याला कळलेच नाही, तर ती जबाबदारी छापणाऱ्याकडे येते.

म्हणून आपणास विनंती अशी आहे. मार्चमध्ये चेल्टनहॅमच्या चार दिवसांसाठी तक्ता तयार होईल, तेव्हा प्रत्येक ट्रेनरसमोर हर्डल, चेस आणि बंपर यांचे आकडे स्वतंत्र द्यावेत. टक्केवारीच्या आधी धावलेल्या घोड्यांची संख्या द्यावी. आकडे कोणत्या काळातले आहेत ते लिहावे. आणि शक्य असल्यास बाजारभावावरून काढलेल्या अपेक्षित विजयांचा एक रकाना जोडावा. पन्नासांहून कमी घोडे असतील तेथे टक्केवारी न देता नुसते 'आठांत तीन' असे लिहिले तरी पुष्कळ. जागा अपुरी पडत असेल तर ट्रेनरची संख्या वीसवरून आठवर आणावी, पण रकाने गाळू नयेत. पहिल्यांदा चेसमध्ये उतरणारे, दीर्घ विश्रांतीनंतर परतणारे आणि शस्त्रक्रिया झालेले घोडे त्या दिवशी कोणते, एवढी एक ओळ शर्यतीच्या वेळेशेजारी दिली, तर ट्रेनरचा रकाना कोणत्या नावांसाठी पाहायचा, हे वाचक स्वतःच ठरवू शकतील.

कळावे,
आपला नियमित वाचक,
ग्लॉस्टरशायर, इंग्लंड